जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना

२०१३ ते २०१९ या काळात घेतलेले लॅपटॉप आजही कितीतरी घरांत आहेत. आय-थ्री किंवा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी किंवा १ टीबीची हार्ड डिस्क. मोठ्याच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, मग धाकटीच्या ऑनलाइन वर्गांना लागलेला, आणि आता बाबांच्या बँकेच्या कामापुरता उरलेला. बटण दाबल्यावर डेस्कटॉप दिसायलाच पाच मिनिटं जातात, त्यावर ब्राउझर उघडायला आणखी दोन-तीन. असं झालं की नागपुरात लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. बर्डीवर जाऊन नव्या लॅपटॉपचे भाव काढून येतात, नाहीतर दुकानात देऊन 'फॉरमॅट मारून' आणतात. फॉरमॅटनंतर चार-आठ दिवस बरं चालतं, मग अपडेट येतात आणि पुन्हा तेच.

यातल्या बऱ्याच लॅपटॉपचा प्रोसेसर अजून ठणठणीत असतो. फॉर्म भरणं, एक्सेल, टॅली, यूट्यूब, व्हिडिओ कॉल एवढ्या कामाला तो पुरून उरतो. अडचण अशी, की त्याला काम करायला माहिती लागते आणि ती हार्ड डिस्कवरून यायला इतका वेळ लागतो की तो बहुतेक वेळ नुसता बसून असतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली की हे बसून राहणं संपतं. घरच्या घरी जमण्यासारखं काम आहे आणि नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च फार थोडा. मात्र पैसे घालण्याआधी आपल्या लॅपटॉपचं दुखणं खरंच डिस्कचं आहे का, हे पाहून घ्यायला हवं. ते मोजता येतं.

आधी मोजा

नागपूरच्या महाल भागात एका ओळखीच्या भाऊंचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, स्कॉलरशिप, प्रवेशाचे फॉर्म अशी रांग लागते. त्यांचा लॅपटॉप सकाळी सुरू केला की पहिली दहा-पंधरा मिनिटं कामालाच येत नसे. "दादा, हा लयच हँग मारून राहिला. नवीनच घ्या लागते काय आता?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, "थांबा भाऊ, आधी पाहू तर द्या."

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'वर गेलं की सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. भाऊंच्या लॅपटॉपवर सीपीयू १०-१२ टक्क्यांवर रेंगाळत होता आणि डिस्क सरळ १०० टक्क्यांना टेकलेली. खालचा आकडा जास्त बोलका होता: डिस्क १०० टक्के कामात, पण वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम दीड एमबी. त्याच्या शेजारी 'सरासरी रिस्पॉन्स टाइम' होता, तो कित्येकशे मिलिसेकंदांवर. म्हणजे डिस्कला एक लहानशी गोष्ट मागितली तरी ती हातात पडायला जवळपास अर्धा सेकंद.

तुमच्याकडे असं चित्र दिसलं तर दुखणं डिस्कचं. पण सीपीयू सतत ९०-१०० टक्के आणि डिस्क निवांत असेल तर डिस्क बदलून फारसा फरक पडणार नाही. तिथे पंख्यात अडकलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, नाहीतर एखादा बिघडलेला प्रोग्रॅम शोधायला हवा. मेमरी कायम ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅमही कमी पडते आहे. रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेलं ओझं डिस्कवर टाकतं, त्यामुळे ४ जीबीच्या लॅपटॉपवर ही दोन्ही दुखणी बहुधा जोडीनेच सापडतात. रॅमची जागा मोकळी असेल तर मागचं झाकण उघडताना ८ जीबी करून घेणं शहाणपणाचं. डीडीआर-थ्री, डीडीआर-थ्री-एल की डीडीआर-फोर, हे मात्र जुन्या पट्टीवर वाचून मगच विकत घ्या. डीडीआर-थ्री आणि डीडीआर-फोर एकमेकींच्या जागी बसत नाहीत, आणि डीडीआर-थ्री-एल मागणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर-थ्री चालत नाही.

एवढा फरक का पडतो

हार्ड डिस्कच्या आत गोल चकचकीत तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावर एक बारीक दांडा आत-बाहेर सरकत माहिती वाचतो. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली, तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची. तबकड्या लहान झाल्या, साठवण लाखो पटींनी वाढली, पण तबकडी फिरणार आणि दांडा सरकणार ही मूळ रीत तुमच्या लॅपटॉपमध्येही तीच आहे.

आता हिशेब करू. लॅपटॉपची डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती दांड्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी दांड्याला योग्य वर्तुळावर जावं लागतं, त्याचे दहा-बारा. एका ठिकाणची माहिती काढायला असे पंधरा-सोळा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला साठ-पासष्ट ठिकाणं. विंडोज सुरू होताना, त्यामागून अँटिव्हायरस, अपडेट, प्रिंटरचे प्रोग्रॅम उठताना डिस्कभर विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात. समजा वीस हजार ठिकाणी जायचं आहे. पासष्टने भागा: तीनशे सेकंदांच्या वर, पाच मिनिटं. डिस्क थोडीफार हुशारी करून वाटेतली कामं एकत्र उरकते, पण ढोबळ चित्र हेच.

इतवारीतल्या किराणा दुकानाची कल्पना करा. गोदामातून तांदळाचं एक पोतं आणायचं असेल तर पोऱ्या एका खेपेत आणतो. पण यादीत दोनशे पुड्या असतील आणि तो दर खेपेला एकच पुडी आणणार असेल, तर गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत बसून राहील. हार्ड डिस्कवरून एक मोठा सिनेमा कॉपी होतो तेव्हा वेग सेकंदाला ८०-१०० एमबी दिसतो, ते पोतं. विंडोजचं सुरू होणं म्हणजे पुड्यांची यादी.

एसएसडीत फिरणारं, सरकणारं काही नाही. तिच्यात फ्लॅश मेमरीच्या चिप असतात. पेन ड्राइव्हमध्ये असते त्याच जातीची, पण कितीतरी वेगवान आणि सोबत सगळा कारभार सांभाळणारा कंट्रोलर. नँड फ्लॅश या नावाने ओळखली जाणारी ही मेमरी १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. हिच्यात कुठलीही जागा गाठायला एक मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. सेकंदाला साठ-पासष्टच्या ऐवजी हजारो, चांगल्या डिस्कमध्ये दहा-दहा हजार ठिकाणं. म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या 'सेकंदाला ५५० एमबी' या आकड्याने भारावून जायचं कारण नाही. तुम्हाला जाणवणारा फरक या न छापलेल्या आकड्याचा असतो. साध्यातली साधी, पण अस्सल एसएसडीसुद्धा तो देते.

कोणती बसते

इथे सर्वाधिक घोळ होतो, कारण दुकानात तीन-चार आकाराच्या एसएसडी मिळतात. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क अडीच इंची असते: सुमारे ७० मिलिमीटर रुंद, १०० मिलिमीटर लांब, आणि जोडणी 'साटा' नावाची. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी जशीच्या तशी बसते. जुन्या डिस्कची जाडी पुष्कळदा साडेनऊ मिलिमीटर असते, एसएसडी ७ मिलिमीटरची. जाड जागेत पातळ डिस्क हलू नये म्हणून काही खोक्यांत अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट देतात. डिस्क पत्र्याच्या ब्रॅकेटला स्क्रूने आवळली जात असेल तर चौकटीचीही गरज पडत नाही.

दुसरी जात एम डॉट टू, च्युइंग गमच्या पट्टीएवढी. २०१५-१६ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तिची रिकामी जागा असते आणि मालकाला ठाऊकही नसतं. पण तिच्यातही दोन प्रकार आहेत, साटा आणि एनव्हीएमई (ही जोडणी नवी आणि जास्त वेगवान). दोन्ही दिसायला सारख्या. दोन खाचा असलेली बहुधा साटा, एक खाच असलेली बहुधा एनव्हीएमई. लॅपटॉपची जागा फक्त साटाची असेल तर एनव्हीएमई पट्टी तिथे चालणार नाही, दुकानदार काहीही सांगो. लॅपटॉपच्या पोटावरचा मॉडेल नंबर वाचा, कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचं मेंटेनन्स मॅन्युअल उतरवा, आणि 'स्टोरेज'चं पान बघा. कोणती जाडी, कोणती जोडणी, कोणता स्क्रू कुठे, सगळं चित्रासकट त्यात असतं.

अगदी स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच डाग दिलेली असते, ३२ किंवा ६४ जीबीची. ती बदलता येत नाही. दुसरी जागा नसेल तर तिथे हा विषय संपतो. बिजागरी तुटून पॅनल उघडं पडलेल्या किंवा मदरबोर्डची दुरुस्ती आधीच झालेल्या लॅपटॉपवरही मी नवा खर्च करू नका असंच सांगेन.

तुमचा लॅपटॉप २०१० च्या आसपासचा असेल तर त्याचं साटा जुन्या पिढीचं, सेकंदाला ३०० एमबीपर्यंतचं असू शकतं. नवी एसएसडी त्यावर अर्ध्या वेगाने चालेल, पण चालेल. पुड्यांच्या यादीचा फायदा तरीही जवळजवळ पूर्ण मिळतो.

साठवण किती हवी, ते सध्या किती भरली आहे त्यावर ठरवा. २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३८ दिसते, ५०० ची ४६५, १ टीबीची ९३१. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून हा फरक, फसवणूक नव्हे. त्यातलीही दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, नाहीतर लिहिण्याचा वेग पडतो. घरच्या वापराला मी ५०० जीबी सुचवतो.

'एसएसडी लवकर संपते' ही भीती बऱ्याच जणांना असते. फ्लॅशच्या पेशींवर ठराविक वेळाच लिहिता येतं, हे खरं. पण ५०० जीबीच्या नावाजलेल्या साटा डिस्कवर कंपन्या साधारण १०० ते ३०० टीबी लिहिण्याची हमी देतात. रोज २० जीबी लिहिलं, म्हणजे घरगुती वापराच्या मानाने भरपूर, तरी वर्षाला सव्वासात टीबी होतात. १५० टीबीची हमी संपायला वीस वर्षं लागतील. लॅपटॉप त्याआधी जाईल.

खरी भीती नकली मालाची आहे. ऑनलाइन '१६ टीबी' लिहिलेल्या, मामुली किमतीच्या डिस्क दिसतात. त्यांच्या आत बहुधा ६४ किंवा १२८ जीबीची चिप असते आणि वरचा आकडा खोटा. ठरलेल्या मर्यादेपुढे टाकलेले फोटो दिसतात, पण उघडत नाहीत. बिलासकट, वॉरंटीसकट घ्या, कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून बघा, आणि नवी डिस्क हातात आल्यावर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने एकदा पूर्ण भरून, वाचून तपासा.

डेटा आधी, स्क्रू नंतर

सगळ्यात महत्त्वाचं आता. लॅपटॉपच्या सगळ्या सुट्या भागांत परत विकत मिळत नाही अशी एकच गोष्ट असते, आणि ती जुन्या डिस्कवर आहे. लग्नाचे फोटो, आजीचा आवाज, दुकानाचा हिशेब, मुलीचा प्रोजेक्ट. म्हणून काही उघडण्याआधी कॉपी.

जुन्या डिस्कची तब्येत पाहायला क्रिस्टल-डिस्क-इन्फो हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. डिस्क स्वतःबद्दल काही नोंदी ठेवत असते, तो त्या वाचून दाखवतो. दोन ओळींकडे बघा: 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'. पहिल्या ओळीत, खराब झालेल्या आणि राखीव जागेवर हलवलेल्या भागांची मोजणी असते. दुसरीत, वाचताच न आलेल्या भागांची. दुसरी शून्याच्या वर असेल तर डिस्क मरणपंथाला आहे असं समजून वागा. आधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढा, अख्खी डिस्क क्लोन करायच्या मागे लागू नका. आतून टक-टक असा ठराविक तालाचा आवाज येत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा. प्रत्येक वेळी चालू केल्याने तबकडीवर नवा ओरखडा पडू शकतो. असा डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच न्यावा लागतो.

"माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, मला चिंता नाही" असं खूप जण सांगतात. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. डेस्कटॉप आणि डाउनलोड्समधल्या फाइली तर सी मध्येच असतात, त्या फॉरमॅटमध्ये सर्वांत आधी उडतात. टॅली वापरत असाल तर तिचा डेटा फोल्डर वेगळा काढा. आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास: २०१० च्या आसपासची पत्रं, लग्नपत्रिका, संस्थेची इतिवृत्तं श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील, तर त्या फाँटच्या फाइलीही उचला. तो फाँट नव्या विंडोजवर नसेल तर आख्खं पत्र अगम्य चिन्हांचं होऊन बसतं.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद, आहे का, तेही सेटिंग्जमध्ये पाहा. बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा आणि क्लोन करण्यापूर्वी ते बंद करा. ही की बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली सापडते. ती हरवली तर डेटा मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

क्लोन की कोरं विंडोज

क्लोन म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवणं. दुसरा रस्ता, नव्या डिस्कवर कोरं विंडोज घालून आपल्या फाइली परत आणणं. माझा कल कोऱ्या विंडोजकडे आहे. पाच-सात वर्षांत साचलेले अर्धवट प्रोग्रॅम, टूलबार, चाचणी मुदतीचे अँटिव्हायरस हे सगळं सोबत ओढून न्यायचं कशाला? पण भाऊंच्या दुकानात आम्ही क्लोनच केलं. त्यांच्याकडे अंगठ्याच्या मशिनचे ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्रॅम, दोन प्रिंटर आणि स्कॅनर, सगळं जुळून बसलेलं होतं. ते नव्याने जुळवायला गर्दीच्या दिवसांत कुणाला सवड नव्हती.

क्लोनला यूएसबीतून साटा जोडणारी एक केबल लागते, नवी डिस्क तिला लावायची. बहुतेक नामांकित एसएसडी कंपन्या क्लोन करायचा प्रोग्रॅम मोफत देतात. क्लोनझिला मोफत आणि भरवशाचा आहे, मात्र नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर तो सहसा अडतो. १ टीबीवरून ५०० जीबीवर जायचं असेल तर कंपनीचा प्रोग्रॅम सोयीचा, अर्थात भरलेला डेटा ५०० मध्ये मावत असेल तर.

वेळ किती लागतो? २०० जीबी डेटा, यूएसबी ३ ची निळी जागा आणि धडधाकट जुनी डिस्क असेल तर तास-दीड तास. यूएसबी २ वर वेग सेकंदाला ३०-३५ एमबीच्या पुढे जात नाही, तिथे दोन तास धरा. आता या जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा केव्हाच गेलेली असते, तो प्लगवरच चालतो. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की क्लोन अर्ध्यावर मोडलं. जुन्या डिस्कचं त्याने सहसा काही बिघडत नाही, कारण तिच्यावरून फक्त वाचन चाललेलं असतं, पण काम पहिल्यापासून करावं लागतं. इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा, नाहीतर पहाटे करा.

विंडोजच्या लायसन्सची काळजी नको. विंडोज १० पासून ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. तीच आवृत्ती, म्हणजे होमच्या जागी होम, घातली की नेट जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. एक अडचण मात्र स्पष्ट सांगायला हवी. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठीची वाढीव मुदत नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आय-फाइव्हच्या पुढचा आकडा ८ ने सुरू होणारा चार आकडी असेल, जसं ८२५०, तर तुम्ही त्यात बसता. ५२०० किंवा ७२०० असेल तर अधिकृतपणे नाही. तिथे मी विंडोजच्या जागी चालणारं मोफत लिनक्स मिंट सुचवतो. एसएसडीवर ४ जीबी रॅममध्येही ते नीट चालतं, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सगळं मिळतं. टॅली आणि अंगठ्याच्या मशिनवाल्यांना मात्र विंडोजच लागेल. त्यांनी एसएसडीचा खर्च करण्याआधी प्रोसेसरची पिढी जरूर तपासावी.

उघडताना

लॅपटॉप नीट बंद करा. विंडोजचं साधं 'शट डाउन' पुष्कळदा अर्धवट झोपवतं, म्हणून शिफ्ट दाबून धरत शट डाउन करा. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा. आतली असेल तर झाकण उघडल्याबरोबर आधी तिचा कनेक्टर सोडवा. कूलरच्या झोतात बसू नका. दमट हवा आणि धूळ आत जाते आणि बारीक स्क्रू उडून हरवतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, तेव्हा मधून मधून एखाद्या धातूच्या, जमिनीला जोडलेल्या वस्तूला हात लावत जा.

चांगल्या प्रतीचा बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लागतो, झिजलेल्या टोकाने स्क्रूची डोकी जातात. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, एक-दोन डीव्हीडी ड्राइव्हच्या आत. सगळ्यांची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू आखूड जागी आवळला तर वरचं प्लास्टिक फुगतं, कधी टचपॅडला धक्का बसतो. कागदावर लॅपटॉपचं पोट काढा आणि स्क्रू जिथून काढला त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवा. धातूची पट्टी घालून उचकटू नका. जोर लावावा लागतोय म्हणजे एक स्क्रू राहिला आहे.

डिस्क एका पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये असते, दोन्ही बाजूंनी मिळून चार स्क्रू. तिचा कनेक्टर दोन भागांचा: ७ टोकांचा माहितीसाठी, १५ टोकांचा विजेसाठी. डिस्क सरळ मागे ओढा, वाकडी नको. काही लॅपटॉपमध्ये पातळ पट्टीसारखी केबल मदरबोर्डला जाते. तिची खिटी आधी उचलावी लागते, नाहीतर केबल फाटते आणि तसली केबल मिळता मिळत नाही. ब्रॅकेट जुन्या डिस्कवरून काढून नव्याला लावा, लेबलची बाजू पूर्वीसारखीच ठेवा, बसवा, झाकण लावा.

पहिल्यांदा चालू करताना 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं आलं तर घाबरू नका. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जा, बहुतेक लॅपटॉपवर एफ-टू, एफ-टेन किंवा एस्केपने. तिथे नवी डिस्क नावानिशी दिसते का बघा. दिसत नसेल तर कनेक्टर पूर्ण बसलेला नाही. दिसते पण सुरू होत नाही, तर यूईएफआय आणि लेगसी या सुरू होण्याच्या दोन पद्धतींतला पर्याय जुन्या डिस्कच्या वेळी होता तोच ठेवला आहे का ते तपासा.

भाऊंच्या लॅपटॉपवर झाकण लागल्यावर लगेच पुन्हा टास्क मॅनेजर उघडला. डिस्क काही सेकंद वर गेली आणि ४-५ टक्क्यांवर येऊन बसली. पुढच्या मिनिटात त्यांनी त्यावर एक उत्पन्नाचा दाखला भरायला घेतला होता.

नंतरची निगा

एसएसडीला डिफ्रॅगमेंट करायचं, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायचं, नसतं. विखुरलेल्या फाइलींनी तिला फरक पडत नाही, उगाच लिखाण मात्र वाढतं. विंडोज नवी डिस्क ओळखून डिफ्रॅगच्या जागी 'ट्रिम' करतं, म्हणजे खोडलेल्या फाइलींच्या जागा मोकळ्या झाल्याचं डिस्कला कळवतं. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'मध्ये तिच्या नावापुढे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलेलं आहे एवढं पाहिलं की झालं.

नागपूरच्या उन्हाळ्याचा प्रश्न हमखास येतो. पारा ४५ च्या वर जातो, खोलीतच ३८-४०. लॅपटॉपच्या हार्ड डिस्क साधारण ६० अंशांपर्यंत आणि एसएसडी ७० अंशांपर्यंत चालतील अशा बनवलेल्या असतात. गादीवर ठेवलेल्या, हवा कोंडलेल्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क पन्नाशी सहज ओलांडते. एसएसडीला इथे जास्त मोकळीक आहे. शिवाय चालू लॅपटॉप बॅगेत टाकून गाडीवरून हिंगण्याच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या डिस्कला खड्ड्यांचा जो मार बसतो, तो एसएसडीला बाधत नाही.

उष्णतेचा धोका दुसऱ्या बाजूने आहे. फ्लॅशमध्ये माहिती अडकवून ठेवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तो हळूहळू झिरपतो, उष्णतेत लवकर. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लिहिण्याची हमी पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांत विजेविना एक वर्ष डेटा टिकवायला हवा. नवी डिस्क यापेक्षा खूप जास्त टिकवते, पण मे महिन्यात माळ्यावरच्या पेटीत ३० अंश नसतात. म्हणून फोटोंचा कायमचा साठा एसएसडीत भरून कपाटात ठेवून देऊ नका. त्या कामाला हार्ड डिस्क बरी.

ती हार्ड डिस्क तुमच्याकडे आहेच, आताच काढलेली. पहिला महिनाभर तिला हात लावू नका. काही राहून गेलं असेल तर ते तिच्यावर आहे. मग तब्येत चांगली असेल तर यूएसबीच्या अडीच इंची केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा. डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (त्याच आकाराच्या चौकटीत) घालूनही बसवता येते, पण मला ते आवडत नाही. बॅकअप लॅपटॉपच्या आतच राहिला तर लॅपटॉप चोरीला गेल्यावर दोन्ही जातात.

खराब झालेली डिस्क भंगारात देण्याआधी ती पुसा. साध्या क्विक फॉरमॅटने फाइली जात नाहीत, फक्त त्यांची यादी जाते आणि मोफत प्रोग्रॅमने कोणीही त्या परत काढू शकतो. विंडोजच्या डिस्कपार्ट या, आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅममधली 'क्लीन ऑल' ही आज्ञा अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिते. ५०० जीबीला काही तास लागतात. आज्ञा देण्याआधी 'लिस्ट डिस्क' करून आकार वाचा आणि निवडलेली डिस्क जुनीच आहे ना ते दोनदा बघा, कारण ही आज्ञा परत फिरवता येत नाही. डिस्क चालूच होत नसेल तर वरचं झाकण उघडून तबकड्या बाहेर काढा. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या कित्येकदा काचेच्या असतात, तेव्हा जाड कापडात गुंडाळून, डोळे सांभाळून फोडा, आणि बाकीचं ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.